शब्दचर्चा : ‘सिली सीझन’ला मराठीत काय म्हणायचं, आणि ड्रायव्हरची ‘बदली’ होते का?

जुळे सोलापूर

इथल्या एका दैनिकात मी फॉर्म्युला वन या मोटारशर्यतींवर अधूनमधून लिहितो. चालकांच्या संघबदलावर लेख दिला होता, त्यात ‘सिली सीझन’ असा शब्द होता. छापून आला तेव्हा त्याचा ‘मूर्ख हंगाम’ झालेला. एका काकांनी फोन करून विचारलं, यंदा साखर कारखाने उशिरा पेटणार आहेत का?

मूळ शब्द इंग्रजी वर्तमानपत्रांचा. एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट आला की लंडनची संसद बंद, बडे लोक गावाला, मग पानं भरायला काहीही छापायचे. त्याच दिवसांना जर्मन आणि डच लोक काकडीचा काळ म्हणतात. मोटारशर्यतीत हा शब्द आला तो कोण कुठल्या संघात जाणार या चर्चेसाठी. मला दोन गोष्टी हव्यात. या चर्चेच्या काळाला नाव, आणि चालक संघ बदलतो त्या क्रियेला शब्द. ‘पक्षांतर’ नको वाटतं, पण का ते नीट सांगता येत नाही.

साखर पेठ

कारण सोपं आहे. पक्षांतर म्हटलं की मुदतीच्या आत, मतदारांना न विचारता मारलेली उडी. त्यावर बंदी घालायला 1985 साली घटनादुरुस्ती करावी लागली. चालकाच्या करारावर शेवटची तारीख लिहिलेली असते. ती संपली, तो दुसरीकडे गेला, यात कसली गद्दारी? सरळ ‘बदली’ म्हणा. बँकेत होते, एसटीत होते, ड्रायव्हरचीही होऊ दे.

जुनी मिल चाळ

अहो साखर पेठ, सोलापुरात राहून असं कसं म्हणता? गिरण्या चालू होत्या तेव्हा बदली म्हणजे माणूस. कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी त्या पाळीपुरता घेतलेला. सकाळी गेटवर उभं राहायचं, नाव पुकारलं तर आत, नाहीतर परत घरी. आमच्या घरात ‘तो बदलीत आहे’ याचा अर्थ ‘त्याची नोकरी अजून पक्की नाही’ असाच होता.

त्या अर्थाने खरा बदली बघायचा तर मार्च 2024, सौदी अरेबियाची शर्यत. फेरारी संघाच्या कार्लोस साइन्झचं अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं आणि अठरा वर्षांच्या ऑलिव्हर बेअरमनला फेरारीत बसवलं. पोराने सातवा नंबर आणला. पुढच्या शर्यतीला साइन्झ हजर आणि बेअरमन पुन्हा बाहेर. याला बदली म्हणतात.

साखर पेठ

मान्य. पण सरकारी अर्थाची बदलीही एका ठिकाणी चपखल बसते. रेड बुलच्या मालकीचे दोन संघ आहेत, एक वरचा, एक खालचा. 2025च्या पहिल्या दोन शर्यती झाल्या आणि लिअम लॉसनला खाली पाठवलं, युकी त्सुनोदाला वर आणलं. मालक तोच, पगार तिथूनच, टेबल तेवढं बदललं. 2019 साली गॅस्ली आणि आल्बन यांचं असंच झालं होतं. इथे ‘संघबदल’ लिहिलंत तर उलट चूक होईल, कारण चालकाने काहीच बदललेलं नाही.

अक्कलकोट रोड

माझा टॉवेलचा कारखाना आहे, त्यामुळे माणसं जाण्या-येण्याचा विषय रोजचा. तुम्ही सगळे नाम शोधताय. मराठीचा जोर क्रियापदात आहे, तिथे बघा. ‘नोकरी सोडली’ आणि ‘नोकरी सुटली’ या दोन वाक्यांत माणसाचं सगळं नशीब येतं.

हॅमिल्टनने मर्सिडीझ सोडली. ऑगस्ट 2023 मध्ये 2025 अखेरपर्यंतचा करार केला होता, पण एका वर्षानंतर निघायची मुभा त्यात ठेवलेली होती. 1 फेब्रुवारी 2024ला त्याने ती वापरली आणि फेरारीत जायचं जाहीर केलं. त्या एका घोषणेने साइन्झची फेरारी सुटली. त्याने काही केलं नव्हतं. उलट ऑपरेशननंतर परत आला आणि ऑस्ट्रेलियात लगेच जिंकला. तरी जागा गेली ती गेलीच, आणि जुलैअखेर विल्यम्सशी ठरलं. वर्तमानपत्रं दोघांनाही ‘संघ बदलला’ असं एकच वाक्य लावतात, ते मला खटकतं.

तिसरं क्रियापद काढणं. रेड बुलने पेरेझचा करार जून 2024 मध्ये वाढवला आणि डिसेंबरात त्याला निरोप दिला. पत्रकात परस्पर संमती वगैरे होतंच. पण करार हातात असताना माणूस घरी जातो तेव्हा ‘काढलं’ हाच शब्द खरा.

होटगी रोड

अक्कलकोट रोडच्या अण्णांच्या यादीत ‘पळवला’ राहिला. ऊसतोडीत मुकादम कारखान्याची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतो आणि टोळी आणायची हमी देतो. टोळी आपणहून दुसरीकडे गेली तर ‘टोळी पळाली’, दुसऱ्याने जास्त पैसे दाखवून नेली तर ‘टोळी पळवली’. दोन्हींत भांडणं होतात, पण कुणावर चिडायचं ते क्रियापदच सांगतं.

मायकेल शूमाकर ऑगस्ट 1991 मध्ये बेल्जियमला जॉर्डनच्या गाडीत पहिल्यांदा उतरला. पुढची शर्यत मॉन्झाची, आणि तिथे तो बेनेटनमध्ये. जॉर्डनवाले कोर्टात गेले, उपयोग झाला नाही. तो पळवला. आणि बेनेटनमधल्या ज्या रॉबर्टो मोरेनोच्या जागी तो बसला, त्याला काढला. एका घटनेत दोन क्रियापदं.

पियास्ट्रीचं प्रकरण तर उचलीच्या भांडणासारखंच. अल्पिन संघाने त्याला तयार केला, राखीव चालक म्हणून सांभाळला. 1 ऑगस्ट 2022ला अल्पिनचा अलोन्सो अ‍ॅस्टन मार्टिनला जाणार हे जाहीर झालं. दुसऱ्या दिवशी अल्पिनने परस्पर पियास्ट्रीचं नाव जाहीर करून टाकलं. काही तासांत पोराने स्वतः लिहिलं की मी यांच्याशी 2023चा करार केलेला नाही आणि मी यांची गाडी चालवणार नाही. करार कुणाचा खरा हे ठरवणारं मंडळ असतं, त्याने सप्टेंबरात, पियास्ट्रीने ज्यांच्याशी करार केला होता त्या मॅक्लारेनच्या बाजूने निकाल दिला. यात मला सगळ्यात आवडलेला शब्द ‘परस्पर’. ज्याचं नाव जाहीर होतंय त्यालाच विचारलेलं नाही, हे एवढ्या थोडक्यात दुसऱ्या कशाने सांगाल?

जुळे सोलापूर

क्रियापदांचं पटलं. ‘संघबदल’ मथळ्यापुरता ठेवतो. आता त्या काळाचं नाव? मी ‘बंद हंगाम’ म्हणून बघितलं. कारखान्यात गळीत हंगाम आणि बंद हंगाम असतो, आपल्या वाचकाला समजावून सांगावं लागणार नाही.

होटगी रोड

शब्द आमचा आहे म्हणून आनंद झाला, पण तो इथे बसत नाही. बंद हंगामात कारखान्यात मशिनरी उघडतात, दुरुस्ती चालते, हंगामी कामगार घरी असतो. फॉर्म्युला वनला तसा काळ डिसेंबर ते फेब्रुवारी. त्यासाठी ‘बंद हंगाम’ जरूर वापरा. चर्चा मात्र जून-जुलैपासून तापते, शर्यती चालू असताना. वर आलेल्या तारखाच बघा, बऱ्याच ऑगस्टच्या आसपासच्या.

बंद हंगामात धमाका झाला तो 2016 साली. मर्सिडीझचा रोसबर्ग 27 नोव्हेंबरला जगज्जेता झाला आणि 2 डिसेंबरला निवृत्ती जाहीर करून मोकळा. मर्सिडीझची जागा रिकामी! दीड महिना अंदाजच अंदाज. शेवटी 16 जानेवारीला विल्यम्सच्या बोटासचं नाव आलं. आपल्याकडे तेव्हा गड्ड्याची जत्रा चालू होती. आणि विल्यम्सने निवृत्तीचा निरोप देऊन झालेल्या फेलिपे मासाला पुन्हा बोलावलं.

बाळीवेस

काळाला नाव देण्यापेक्षा त्या काळात जे पिकतं त्याला नाव द्या. इथे मराठी श्रीमंत आहे, आणि आपण सगळ्याला ‘अफवा’ म्हणून ती श्रीमंती वाया घालवतो.

‘वावडी’ म्हणजे मुळात कागदी पतंग. म्हणून वावड्या उठतात, उडतात. वरती फडफडणारी दिसते, दोरा कुणाच्या हातात आहे ते दिसत नाही. ‘आवई’ला दम नसतो. ती उठते, सगळे धावतात, काही नव्हतंच असं कळतं. ‘कंडी’ आपोआप येत नाही, कुणीतरी बसून पिकवतो. (यंत्रमागवाल्यांनी लगेच हसू नये. तुमच्याकडे कांडी भरतात, आम्ही कंडी म्हणतोय.) ‘पुडी’ सोडणारा समोर असतो, त्याला ओळखणारे त्याच्या पुड्यांनाही ओळखतात. ‘हूल’ देतात ती डावाचा भाग म्हणून, कबड्डीत देतात तशी. चालकाचा मॅनेजर दुसऱ्या संघाच्या तंबूत मुद्दाम कॉफी प्यायला जातो आणि कॅमेरे आहेत ना हे बघून घेतो, ती हूल. पोचते ती आपल्याच मालकाला, करार वाढवायच्या बोलणीत.

शेवटची ‘कुणकुण’. कुणकुण नेहमी खऱ्या गोष्टीची लागते. खोट्याची कुणकुण लागली असं कुणी म्हणत नाही. त्यामुळे हा शब्द बातमी पक्की झाल्यावर, मागे वळून बघतानाच लिहावा.

साखर पेठ

मग रेड बुलचा व्हर्स्टापन मर्सिडीझला जाणार हे काय होतं?

बाळीवेस

चांगला प्रश्न. आवई नाही, कारण मर्सिडीझच्या प्रमुखाला तो हवा होता आणि त्याने ते लपवलंही नव्हतं. 2024 आणि 2025चे दोन उन्हाळे ती वर होती. हंगेरीच्या शर्यतीआधी व्हर्स्टापनने स्वतःच 2026ला रेड बुलमध्येच आहे असं सांगून दोरा कापला. वावडी. माझ्या मते ‘वावड्यांचा हंगाम’ हेच तुमच्या सिली सीझनचं मराठी नाव. त्यात मूर्ख कुणालाच म्हणावं लागत नाही.

नवी पेठ

एवढे शब्द घातलेत, आणि रोज तोंडात असलेला विसरलात. ‘म्हणे’. इंग्रजीला सूत्रांच्या हवाल्याने, असं कळतं, असं बोललं जातं, अशी लांबड लावावी लागते. आपण नुसतं वाक्याच्या शेपटीला ‘म्हणे’ लावलं की जबाबदारी खांद्यावरून उतरली. “अलोन्सो परत रेनोला जाऊ लालाय म्हणे.” कुणी सांगितलं? कुणीतरी. मी? छे, मी नाही.

मात्र छापताना जपून. ‘म्हणे’त शंकाही असते आणि किंचित टिंगलही. ‘आता संघासाठी रक्त आटवणार म्हणे’ असं लिहिलंत तर बातमी राहत नाही, टोमणा होतो.

सात रस्ता

मला प्रत्ययांबद्दल विचारायचंय. फेरारीत गेला, फेरारीकडे गेला, की फेरारीला गेला?

जुनी मिल चाळ

तिन्ही बरोबर, पण एक नव्हेत. ‘कडे’मध्ये अजून अंतर आहे. बोलणी चालू असतील, कल असेल, तर ‘फेरारीकडे’. सही झाली, लाल कपडे चढवले, की ‘फेरारीत’. आणि ‘ला’ नोकरीचा. आमचे वडील ‘नरसिंग गिरजीला होते’, शेजारचे ‘लक्ष्मी-विष्णूला’. तसा अलोन्सो रेनोला होता, मॅक्लारेनला होता, फेरारीला होता, परत मॅक्लारेनला होता. माणसाचा पत्ता सांगायचा तर ‘ला’.

जुळे सोलापूर

हे थेट लेखात घेतो. 2026पासून कॅडिलॅक धरून अकरा संघ, म्हणजे बावीस जागा. तिथे पेरेझ आणि बोटास. आता दोघे ‘कॅडिलॅकला’.

जाता जाता अजून एक अडलंय. रचनाकार एड्रियन न्यूई रेड बुल सोडणार हे 1 मे 2024ला जाहीर झालं, अ‍ॅस्टन मार्टिनला तो रुजू झाला मार्च 2025ला. मधल्या काळात नव्या गाडीच्या गुपितांपासून माणसाला लांब ठेवतात, पगार चालू असतो. इंग्रजीत ‘गार्डनिंग लीव्ह’. ‘सक्तीची रजा’ चालेल?

साखर पेठ

अजिबात नको. सक्तीची रजा म्हटलं की इथे सगळे विचारतील, चौकशी कसली लागलीय? ‘पगारी प्रतीक्षा’ लिहून बघा. कानाला फार बरं वाटत नाही, पण निदान न्यूईवर किटाळ तरी येणार नाही.