मॉरिशस : भाड्याची गाडी, तीन दिवस, वाटेत खायचं कुठे? (सासूबाई शाकाहारी, अंडंही नाही)

घोडबंदरवाली

भाऊबीज आटोपली की आम्ही पाच जण मॉरिशसला निघतोय. मी, नवरा, कॉलेजात जाणारी लेक, दहा वर्षांचा मुलगा (घाट दिसला की उलटी) आणि सासूबाई. मुक्काम पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक-आं-फ्लाकला. तीन दिवसांसाठी गाडी घेतोय.

नवऱ्याने एक्सेल केलंय. पहिल्याच दिवशी शामारेलची सात रंगांची माती, जंगलाचा व्ह्यूपॉइंट, गंगा तलाव, चहाचा कारखाना, ग्री-ग्री, मेबूर आणि रात्री परत. 'मॅपवर फक्त साडेचार तासांचं ड्रायव्हिंग दाखवतंय' असं तो म्हणतो. त्या तक्त्यात जेवणाचा रकानाच नाही! मला हॉटेलात बसून फ्रेंच मेन्यू वाचायचा नाही. तिथले लोक रस्त्यावर उभं राहून जे खातात ते खायचंय. पण सासूबाईंचं काय करायचं? थेपल्यांचा डबा भरून नेऊ का? कोणी तिथे राहिलेलं असेल तर प्लीज सांगा.

---

कात्र बोर्नची वहिनी

मी इथेच राहते, लग्न झाल्यापासून. माहेर रत्नागिरीजवळ. थेपले विमानात संपवा, इथे सासूबाईंची चंगळ आहे.

आधी तुमच्या यजमानांच्या एक्सेलबद्दल. बेट उत्तर-दक्षिण जेमतेम पासष्ट किलोमीटर आहे, म्हणून सगळ्यांनाच वाटतं की एका दिवसात निम्मं उरकेल. मोटरवे सोडला की रस्ते गावागावांतून जातात, दर थोड्या अंतरावर राउंडअबाउट, आणि तुम्ही येणार तेव्हा ऊसतोडणी चालू असते. उसाच्या ट्रकमागे अडकलात की नकाशावरची वेळ विसरा. ज्या शेतांतला ऊस अजून उभा असेल तिथे चौकात बाजूचा रस्ता दिसत नाही, हेही लक्षात ठेवा. बाकी गाडी डावीकडून, स्टिअरिंग उजवीकडे, आपल्यासारखंच.

पण खरा मुद्दा वेगळा. इथलं रस्त्यावरचं खाणं सकाळचं असतं. दाल पुरीवाला सकाळी येतो आणि माल संपला की जातो. दुपारी दोनला शोधायला निघालात तर रिकामा स्टँड दिसेल. संध्याकाळी चाट-भेळ खात हिंडायची आपली सवय इथे कामाची नाही, गावांतली दुकानं पाच-सहाला शटर ओढतात. म्हणून रस्ता पोटाच्या घड्याळाने आखा. माझ्या मते पहिल्या दिवसाचं एक्सेल उलटं करा, आणि शामारेल नि मेबूर त्यातून काढूनच टाका.

सकाळी साडेसातला निघा आणि आधी वर पठारावर या, कात्र बोर्न किंवा व्हाकोआला. बस स्टँडजवळ काचेची पेटी आणि समोर ऑफिसला निघालेल्यांची रांग दिसली की थांबा. दाल पुरी नेहमी जोडीनेच मिळते, इथल्या क्रिओल भाषेत 'एन पेर' (एक जोडी) म्हणायचं. हरभऱ्याची डाळ शिजवून कोरडी वाटतात, हळद-जिरं घालून मैद्याच्या पारीत भरतात आणि इतकी पातळ लाटतात की हातात धरली तर खाली लोंबते. तो माणूस डब्यातून दोन पुऱ्या एकदम उचलतो, थोड्या सरकवून एकमेकींवर टाकतो, त्यावर चमचाभर 'ग्रो प्वा' म्हणजे मोठ्या पांढऱ्या वालांची रस्सा भाजी, चमचाभर रुगाय म्हणजे टोमॅटोचा रस्सा, थोडं लोणचं, आणि मग मान वर न करता विचारतो, 'पिमाँ?' मिरची हवी का? नको असेल तर 'साँ पिमाँ'. थोडी हवी असेल तर 'तिगित'. तुम्ही उत्तर देईपर्यंत कागदात गुंडाळी झालेलीही असते. रस कोपरापर्यंत ओघळतो, तेव्हा नवा कुर्ता त्या दिवशी नको.

शेजारीच 'गातो पिमाँ' मिळतील. गातो म्हणजे केक, पण घाबरू नका, हे आपले डाळवडेच, सुपारीपेक्षा थोडे मोठे. इथले लोक ते गरम गरम, लोणी लावलेल्या पावात दाबून खातात. वांग्याची भजी, अळकुडीचे वडे हेही त्याच परातीत असतात. दोन्ही चालतील, फक्त अळकुडीच्या वड्यात कोळंबी नाही ना, हे विचारून घ्या. सासूबाईंसाठी एक वाक्य पाठ करा : 'मो पा मान्झ लाव्यान, प्वासों, दिझेफ.' मी मांस, मासे, अंडं खात नाही. रुगायमध्ये कधी खारवलेला मासा असतो आणि 'मीन फ्री' म्हणजे नूडल्समध्ये अंडं हमखास. म्हणून ते विचारल्याशिवाय घेऊ नका.

पोटं भरली की गंगा तलाव. इथे त्याला ग्राँ बासां म्हणतात, जुन्या ज्वालामुखीच्या विवरातलं तळं आहे. एकशे आठ फुटी शंकर रस्त्यावरूनच दिसतो. तिथे हवा थंड असते आणि पाऊस कधी येईल सांगता येत नाही, तेव्हा सासूबाईंची शाल वर ठेवा, डिकीत नको. माकडं पिशव्या ओढतात. तिथून बुआ शेरीचा चहाचा कारखाना जवळ आहे. कारखाना चालू बघायचा तर कामाच्या दिवशी आणि दुपारच्या आत जा. त्यांचा व्हॅनिलाचा चहा बेटावर घरोघरी असतो. मला स्वतःला अजून आवडत नाही, आलं घातल्याशिवाय मी चहाला चहा म्हणत नाही, पण तळ्याकाठी बसून एकदा चाखायला हरकत नाही.

मग खाली उतरा, रिव्हियेर-दे-आंगीवरून सुयाकला. तिथल्या ग्री-ग्रीच्या कड्यापाशी बेटाभोवतीची प्रवाळाची भिंत तुटलेली आहे, म्हणून लाटा थेट काळ्या कड्यावर आपटतात. बाकी किनाऱ्यावरचं शांत निळं पाणी पाहिल्यावर हे बघाच. पोहायचं मात्र नाही, मुलाला हात धरून न्या.

इथून पश्चिमेकडे जो किनारी रस्ता सुरू होतो, त्यासाठी मी हा सगळा उपद्व्याप सांगतेय. सुयाक ते ल मॉर्न. दुपारी तीनच्या सुमाराला लागा. बेल ओंब्र मागे पडलं की रस्ता पाण्याला इतका चिकटतो की भरतीला शिंतोडे काचेवर येतात. बे-द्यू-कापजवळ माकोंदचा कडा आहे, रस्ता त्याला वळसा घालून जातो आणि वर चढायला पायऱ्या आहेत. गाडी वळणावर लावू नका, थोडी पुढे नेऊन चालत मागे या. लेकीचे सगळे फोटो तिथे निघतील. आणि वाटेत जिथे हातगाडीवर सोललेले अननस लटकताना दिसतील तिथे थांबा. इथलं अननस लहान, देठासकट असतं. विक्रेता डोळे काढायला तिरक्या चरा पाडत सोलतो, की त्याला स्क्रूसारखे आटे पडतात. मग चार फाका करून मिरची-मीठ-चिंचेच्या पाण्यात बुडवून हातात देतो, देठाला धरून खायचं. त्याच गाडीवर कैरी, काकडी, आवळेही त्याच पाण्यात मुरत असतात.

शेवटी ल मॉर्नचा डोंगर. पळून गेलेले गुलाम या कड्यावर लपत, म्हणून 2008 साली तो जागतिक वारसा यादीत गेला. खालच्या सार्वजनिक किनाऱ्यावर सूर्यास्त बघा, सव्वासहा-साडेसहाला होतो. तिथून फ्लिक-आं-फ्लाक जवळ आहे. एक त्रास आधीच सांगते, शेवटच्या तासात ऊन थेट डोळ्यांवर येतं, चालवणाऱ्याला गॉगल द्या.

शामारेल दुसऱ्या दिवशी सकाळी वेगळं करा, ते तुमच्या मुक्कामापासून लांब नाही. सात रंगांची माती म्हणजे कुजलेला बेसाल्ट, लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांमुळे रंग आलेत. सकाळच्या तिरक्या उन्हात ते बरे दिसतात, भर दुपारी सगळं विटकरी. दुपारी परत येऊन समुद्रात डुंबा.

---

पेठकर काका

वहिनींनी उत्तम लिहिलं आहे, पण एक सुचवतो. घरात ज्येष्ठ व्यक्ती असताना ड्रायव्हरसकट गाडी घ्या. आम्ही तसंच केलं. यजमानांनाही खिडकीबाहेर बघता येतं, आणि ड्रायव्हर भोजपुरीमिश्रित हिंदी बोलणारा मिळाला तर सासूबाईंच्या गप्पा होतात. पोर्ट लुईला तर गाडी नेऊच नका. पार्किंग शोधण्यात सकाळ जाते.

---

कात्र बोर्नची वहिनी

काका, पोर्ट लुईबद्दल शंभर टक्के. आता कात्र बोर्न आणि रोझ हिलवरून मेट्रो थेट पोर्ट लुईला जाते, गाडी वर लावून खाली उतरा. सेंट्रल मार्केटमध्ये 'आलुदा' प्या : दूध, सब्जा, चायना ग्रासचे धागे. सासूबाईंना चालेल. आणि आप्रवासी घाट बघा, स्टेशनपासून चालत जाता येतं. 1834 पासून करारावर आणलेले मजूर तिथे उतरत आणि सोळा पायऱ्या चढून आत येत. त्यात आपल्या रत्नागिरीकडचेही होते. त्यांचेच पणतू-खापरपणतू आज इथे मराठी म्हणून ओळखले जातात, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, आणि सरकारी शाळेत मुलं मराठी विषय घेऊ शकतात. तुमच्या मुक्कामाशेजारी कास्कावेल आहे, तिथेही मराठी वस्ती जुनी. माझ्या शेजारच्या आजी नातवाला 'अरे, हळू चाल' म्हणतात आणि पुढचं वाक्य क्रिओलमध्ये.

ड्रायव्हरचं मात्र मला पटत नाही. ड्रायव्हर त्याच्या ठरलेल्या रेस्टॉरंटला नेतो. अननसाच्या गाडीपाशी तुम्हाला कचकन ब्रेक मारायचाय, तो त्याला नाही मारायचा.

---

सुरमई_सोलकढी

मासे खाणाऱ्यांसाठी कोणीच बोलेना म्हणून लिहितोय. तिसरा दिवस आग्नेय किनाऱ्यावरचं मेबूर, आणि जमलं तर सोमवार, कारण त्या दिवशी तिथला मोठा बाजार भरतो. विंदाय खा : तळलेला मासा किंवा ऑक्टोपस, मोहरी वाटून, हळद, लसूण, व्हिनेगर. गार झाल्यावर जास्त छान लागतो, पावाबरोबर. मालवणचा असून सांगतो, मान द्यावा असा पदार्थ आहे. शाकाहारींना मेबूरमध्ये कसाव्याची बिस्किटं बनवणारा जुना कारखाना दाखवा, 1870 पासून एकाच घराण्याकडे आहे. तिथून उत्तरेला त्रू-दो-दूसपर्यंतचा किनारी रस्ता सुयाकच्या रस्त्यापेक्षा सरस आहे असं माझं ठाम मत आहे. वाटेत व्हिये ग्राँ पोर गाव, डोंगर थेट पाण्यात उतरलेले, गर्दी शून्य.

---

कात्र बोर्नची वहिनी

सरस नाही. शांत आहे, एवढं मान्य.

---

घोडबंदरवाली

बापरे, केवढी माहिती! नवऱ्याला वाचून दाखवलं, तो आता दुसरी शीट उघडून बसलाय. दोन शंका. दिवाळीनंतर लगेच येतोय तर दिवाळीचं काही खास मिळेल का? आणि शामारेलच्या घाटात मुलाचं काय करू?

---

कात्र बोर्नची वहिनी

'गातो पाताट' शोधा. रताळं उकडून त्याची पारी, आत नारळ-साखर-वेलची, आकार अर्धगोल, आणि तळलेले. म्हणजे रताळ्याची करंजी. दिवाळीत इथे प्रत्येक घरी होते आणि ताटं शेजारीपाजारी फिरतात, हिंदू नसलेल्यांकडेही. नंतरही मिठाईच्या दुकानात, काही बेकऱ्यांत मिळते. ताजी घ्या, दुसऱ्या दिवशी ती चिवट होते. नोव्हेंबरात लीचीही सुरू होते, रस्त्याकडेला घड बांधून विकतात, सुरुवातीला भाव चढा असतो.

घाटाचं : काझ नोयालवरून शामारेलला चढणारा रस्ताच काय तो नागमोडी, आणि तो छोटा आहे. मुलाला पुढच्या सीटवर बसवा, काच उघडी, आणि त्या सकाळी गातो पिमाँ वर पोचल्यावर द्या, आधी नको. यजमानांना सांगा, मागून कोणी हॉर्न दिला तर बाजूला घेऊन जाऊ द्यायचं. इथल्या बसवाल्यांना तो घाट पाठ आहे.