चिकन सँडविच सगळी सारखीच म्हणे! (एका प्रतिसादाला लांबलचक उत्तर)

खारी_बिस्किट (धागाकर्ता)

परवा दुसऱ्या एका धाग्यावर एका महाशयांनी लिहिलं, "अमेरिकेतल्या फास्टफूड चेन म्हणजे एकाच माळेचे मणी. कोंबडी, मैदा, मीठ. फरक फक्त पिशवीच्या रंगाचा. यावर तावातावाने बोलणाऱ्यांनी आधी जीभ तपासून घ्यावी." तिथेच चार ओळी खरडून गप्प बसणार होतो. बायको म्हणाली, एवढा धुसफुसतोयस तर धागाच काढ. काढला.

१४ वर्षं अटलांटात राहतोय. चिक-फिल-ए ही चिकन सँडविचची चेन इथलीच. ट्रुएट कॅथींनी १९४६ साली विमानतळाला लागून असलेल्या हेपव्हिलमध्ये छोटंसं हॉटेल टाकलं, तिथून हे सगळं सुरू झालं. त्यांचं सँडविच म्हणजे लोण्यावर शेकलेला बन, छातीचा एक तुकडा, लोणच्यातल्या काकडीच्या दोन चकत्या. बस. आवरण पातळ, किंचित गोडसर, सॉस हवा तर आपला आपण घाला. पॉपाइज या दुसऱ्या चेनचं याच्या अगदी उलट. ब्रिओश म्हणजे लोणी-अंड्याचा मऊ बन, बटरमिल्कचं जाड खडबडीत आवरण, साधा नाहीतर तिखट मेयो, आणि चावलं की कुरकुर शेजारच्या टेबलापर्यंत जाते. ज्याला ही दोन सारखी लागतात त्याला इडली आणि ढोकळाही सारखाच लागत असणार. दोन्ही वाफवलेलंच की.

ऑगस्ट २०१९ आठवतोय? पॉपाइजने ३.९९ डॉलरला सँडविच काढलं आणि दोनेक आठवड्यांत देशभर माल संपला. परत आणलं ते ३ नोव्हेंबरला, रविवारी. चिक-फिल-ए रविवारी बंद असतं हे चांगलं माहीत असून! सगळं सारखंच असतं तर एवढी झुंबड उडाली असती का?

माझ्या मते खरी गोम पाककृतीत नाहीच, गल्ल्यापाशी कोण उभं आहे यात आहे. चिक-फिल-एचा चालक १०,००० डॉलर भरतो, जागा आणि यंत्रं कंपनीची, पण बहुतेकांच्या वाट्याला एकच दुकान येतं आणि तिथे स्वतः राबावं लागतं. इतर चेनमध्ये एकेक फ्रँचायझीवाला डझनावारी दुकानं दुरून हाकतो. आणि हो, चिक-फिल-एची कोंबडी तळतात ती शेंगदाणा तेलात! त्या खमंग वासाला तोड नाही.

ठसका

ते महाशय मीच. नाव घेऊन लिहिलं असतंत तरी चाललं असतं.

झुंबड हा दर्जाचा पुरावा असेल तर सकाळी साडेआठची विरार लोकल पंचतारांकित म्हणायची का? दोन कंपन्यांच्या ट्विटर खात्यांनी एकमेकांना चिमटे काढले आणि तुम्ही लोक रांगेत जाऊन उभे राहिलात. मार्केटिंगचा विजय आहे तो, कोंबडीचा नाही.

माझा अनुभव सांगतो, नाव घेत नाही. मुलीकडे गेलो होतो, हायवेवरच्या एका चेनमध्ये थांबलो. पिशवी उघडली तर पाव आतल्या वाफेने घामेजलेला, वरची साल सुटून बोटाला चिकटली आणि मधोमध मांस गुलाबी. काउंटरवरच्या पोराला दाखवलं तर म्हणाला, दुसरं देऊ का? दुसरं आलं तेही तसंच. तुमचा तो राबणारा मालक तिथे कुठे दिसला नाही.

खारी_बिस्किट

काका, एका दुकानावरून सगळ्या चेनना झोडपणं म्हणजे एसटी स्टँडवरचा वडा खाऊन महाराष्ट्राला वडा जमत नाही म्हणण्यासारखं आहे. आणि मालकाचं म्हणाल तर मी तेच म्हणतोय. तो नव्हता म्हणूनच तसं झालं.

ठसका

काका? वय काढायची गरज नव्हती.

खुराडा

नाशिककडे कुक्कुटपालनात २० वर्षं काढली आहेत, म्हणून तोंड घालतो. तुम्ही पाव आणि मेयोवर भांडताय, पक्ष्याबद्दल कोणीच बोलत नाही. १९२५ साली अमेरिकेत बाजारात जाणारी कोंबडी ११२ दिवसांची असायची आणि भरायची अडीच पौंड. आता ४७ दिवसांत साडेसहा पौंड, म्हणजे तीन किलोच्या घरात. आपण दोन किलोच्या आसपास पक्षी उचलतो. इतक्या झपाट्याने छाती फुगली की काही पक्ष्यांचं मांस लाकडासारखं घट्ट होतं, त्याला तिकडे वुडी ब्रेस्ट म्हणतात. हाताने दाबून बघा, कच्च्या फणसाच्या गरासारखं लागतं. खायला धोका नाही, पण दाताखाली रबर. तो तुकडा तुमच्या पावात आला तर मालक राबो नाहीतर झोपो, काही फरक पडत नाही.

आणि अँटिबायोटिकचं? चिक-फिल-एने २०१४ साली मोठ्या आवाजात सांगितलं होतं की अजिबात वापरणार नाही. २०२४ मध्ये ते सैल केलं. आता माणसाच्या उपचारात महत्त्वाची नसलेली औषधं चालतात, पक्षी आजारी पडले तर. मला त्यात गैर वाटत नाही, आजारी पक्ष्याला औषध द्यावंच. पण मग आधी टेंभा कशाला मिरवायचा?

लातूरचा_लंब्या

बाकी चालू द्या. मला फक्त त्या "शेंगदाणा तेलाच्या खमंग वासा"वर बोलायचं आहे.

आमच्या आजोबांचा लाकडी घाणा होता. घाण्याचं तेल म्हणजे डब्याचं झाकण उघडलं की वाड्याच्या दारापर्यंत वास यायचा. बुडाला साका बसायचा, वरचं निथळून घ्यायचं, पेंड म्हशीला. हे अमेरिकेतलं तेल रिफाइंड आहे. वास काढून टाकलेला, रंग काढून टाकलेला. त्यात शेंगदाणा फक्त नावाला. तुम्हाला जो वास येतो तो आठवणीतला आहे, कढईतला नाही.

खारी_बिस्किट

वास नसेल, पण चव आहे. शंभर वेळा खाल्लंय.

लातूरचा_लंब्या

शंभर वेळा खाल्ल्याने नाक सुधारत नसतं. तिकडे प्रेशर फ्रायरमध्ये तळतात, ओल आत राहते, म्हणून मऊ लागतं. आणि साखर आहे, मोनोसोडियम ग्लुटामेट म्हणजे आपला अजिनोमोटो आहे. खमंगपणा तिथून येतो, श्रेय मात्र बिचाऱ्या शेंगेला. रिफाइंड खाऊन खाऊन सगळ्यांच्या जिभा मेल्यात. परत घाण्यावर या, एवढंच म्हणणं आहे.

पेन्सिल

"परत घाण्यावर या" हे वाक्य माझ्या घरात म्हणून बघा.

माझ्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. तीन वर्षांचा असताना कोणीतरी प्रेमाने चिक्कीचा तुकडा हातात दिला, १० मिनिटांत ओठ सुजले, घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. तेव्हापासून एपिपेन, म्हणजे ॲलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन, पर्समध्ये. त्यामुळे हा फरक मला तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहे, दादा. ॲलर्जी तेलाची नसते, शेंगदाण्यातल्या प्रथिनाची असते. रिफाइंड करताना ते जवळपास सगळं निघून जातं, म्हणूनच अमेरिकेच्या २००४ च्या कायद्यात अतिशुद्ध तेलाला ॲलर्जीच्या यादीतून सूट आहे. घाण्याच्या तेलात मात्र ते राहतं. ज्या तेलाला तुम्ही मेलेलं म्हणताय, तेच मेलेलं असल्यामुळे माझ्यासारख्यांच्या मुलांना चालू शकतं.

लातूरचा_लंब्या

ताई, मुलाबद्दल वाईट वाटलं. पण खरं सांगू का, आमच्या गावात शेंगा पोत्याने खायचे, ॲलर्जी हा शब्द कुणी ऐकला नव्हता. ही सगळी अतिस्वच्छ राहण्याची...

पेन्सिल

पुढचं लिहू नका. गावात ज्याला झालं असेल त्याला "काहीतरी लागलं" म्हणून उतारा टाकला असेल आणि पोर गेलं असेल. त्याची नोंद कोण ठेवणार होतं, घाण्यावाला?

डांबिस

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. रिफाइंड तेलातले.

खुराडा

लंब्याराव, इथे ताईंचं बरोबर आहे. तुमचं तेल चांगलं, पण तो मुद्दा आत्ता मांडायचा नव्हता.

लातूरचा_लंब्या

माफी असावी. बोलण्याच्या भरात गेलं. आजोबांच्या घाण्यावर कोणी बोललं की मला राहवत नाही. पण वास नाही म्हणजे नाही, त्यावर ठाम आहे.

खारी_बिस्किट

पेन्सिलताई, मग तुम्ही नेता का त्याला तिथे?

पेन्सिल

नाही. कायदा समजतो, पण छातीत धडधड होते ती होतेच. वॉफल फ्राइज घेते कधीतरी, त्या कॅनोला तेलात तळतात. तो गाडीत बसून खातो आणि विचारतो, आई, सँडविच कसं लागतं ग? एकदा मी त्याच्या समोर खाल्लं आणि सांगितलं, काही खास नाही रे. खोटं बोलले. छान होतं.

ठसका

या धाग्यावर पहिल्यांदाच कोणीतरी चिकन सँडविचबद्दल पटेल असं काही लिहिलं आहे. धागाकर्त्याने लिहिलेलं नाही, हेही नोंदवतो.

खारी_बिस्किट

म्हणजे सगळी सारखी नाहीत, हे मान्य?

ठसका

एवढंच मान्य, की एखादं छान असू शकतं. ताईंच्या भरवशावर. तुमच्या रांगेच्या भरवशावर नाही. आणि मालकाचा तुमचा मुद्दा मी अर्धा घेतो. आमच्याकडेही ज्या खानावळीत मालक स्वतः आमटी वाढतो तिथली आमटी पातळ नसते. यासाठी चेन कशाला लागते, ते तेवढं सांगा.

खारी_बिस्किट

रात्री ११ वाजता, गाडीत मागे दोन पोरं रडत असताना, ४० मैलांत दुसरं काही उघडं नसताना लागते. तुमची खानावळ तेव्हा बंद असते.

ठसका

आणि रविवारी तुमची.

लातूरचा_लंब्या

पेन्सिलताई, एक विचारू? करडईचं तेल चालतं का त्याला? आमच्याकडे करडई पण गाळतात.

पेन्सिल

त्याच घाण्यावर शेंगदाणा पण गाळतात ना?

लातूरचा_लंब्या

हो, त्याच घाण्यावर. बरं झालं विचारलंत. पाठवत नाही.