इन्शुरन्सच्या योजनेने अमेरिकेतल्या हॉस्पिटलांमधला वर्णभेद संपवला, हे खरं आहे का?

निशिगंधा_मिरज

नमस्कार मंडळी,

मी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कम्युनिटी हेल्थच्या पेपरसाठी अमेरिकेतल्या मेडिकेअरवर सेमिनार द्यायचा आहे. वाचताना एका वाक्याशी अडले. १९६६ साली ही योजना सुरू झाली आणि दक्षिणेतल्या हॉस्पिटलांमधले काळ्या-गोऱ्यांचे वेगळे वॉर्ड काही महिन्यांत बंद झाले, असं लिहिलंय. मला हे पटेना. मेडिकेअर म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या उपचारांचा सरकारी विमा. त्याचा वॉर्डांशी काय संबंध? आणि भेदभावाविरुद्धचा कायदा तर १९६४ सालीच झाला होता, मग दोन वर्षं काय चाललं होतं?

दुसरं म्हणजे, रक्त साठवण्यावर मोठं काम केलेले डॉ. चार्ल्स ड्रू कृष्णवर्णीय म्हणून हॉस्पिटलने दारातून परत पाठवले आणि रक्त न मिळून वारले, असं आमच्या मॅडमनी वर्गात सांगितलं होतं. ते सेमिनारमध्ये घालू का? कुणाला नीट माहिती असेल तर सांगा. शुक्रवारी सेमिनार आहे.

अनिरुद्ध_कोथरूड

ड्रूंची गोष्ट घालू नकोस. १ एप्रिल १९५० च्या पहाटे नॉर्थ कॅरोलिनात त्यांच्या गाडीला अपघात झाला. बर्लिंग्टनच्या अलामान्स जनरल हॉस्पिटलात त्यांना आत घेतलं, गोऱ्या डॉक्टरांनी प्रयत्नांची शर्थ केली, पण इजाच जबर होती. सोबतचे कृष्णवर्णीय डॉक्टर वाचले आणि त्यांनीच हे पुढे सांगितलं. तरी ती अफवा टिकली, कारण तसं इतरांच्या बाबतीत खरोखर घडत होतं.

त्याऐवजी जूलिएट डेरिकॉट यांचं उदाहरण घे. फिस्क विद्यापीठात मुलींच्या डीन होत्या. १९२८ साली जागतिक ख्रिस्ती विद्यार्थी संघाच्या बैठकीसाठी आपल्याकडे म्हैसूरला येऊन गेल्या होत्या. नोव्हेंबर १९३१ मध्ये जॉर्जियातल्या डाल्टनजवळ गाडीचा अपघात झाला. गावातलं हॉस्पिटल कृष्णवर्णीयांना ॲडमिट करत नव्हतं. डॉक्टरांनी जखमा बांधल्या आणि जखमींना एका कृष्णवर्णीय बाईच्या घरी झोपवलं. रात्री ॲम्ब्युलन्सने चॅटनूगाला हलवलं, तिथे दुसऱ्या दिवशी डेरिकॉट गेल्या. त्यांच्यासोबतची एक विद्यार्थिनीही गेली.

मेडिकेअरचं मला फारसं माहीत नाही. सुमनताई इथे असतात, त्या सांगतील.

सुमन_कॅरोलिना

निशिगंधा, वाक्य बरोबर आहे, पण अर्धवट आहे. मी पुण्यात लॅब टेक्निशियनचा कोर्स करून लग्नानंतर १९७३ साली नॉर्थ कॅरोलिनात आले. हे टेक्स्टाइलमध्ये होते. तिथल्या एका हॉस्पिटलच्या रक्तपेढीत मी सव्वीस वर्षं काढली. त्याचं नाव घेत नाही. इतिहास मी पुस्तकातून नंतर वाचला. आधी तो रक्तपेढीतल्या फ्रिजवर पाहिला.

आमच्या जुन्या फ्रिजच्या खालच्या कप्प्याच्या कडेला चिकटपट्टीचा पिवळट पट्टा होता, बोटभर रुंद. स्पिरिटने कितीही पुसला तरी निघत नसे. मला वाटायचं, कुणीतरी रक्तगट लिहून ठेवला असेल. माझी सिनियर कृष्णवर्णीय होती, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी. एके दिवशी ती सहज म्हणाली, "तिथे लिहिलेलं असायचं, हा आमचा कप्पा." म्हणजे कृष्णवर्णीय दात्यांचं रक्त खाली, गोऱ्यांचं वर. रेड क्रॉसने १९४२ पासून असं रक्त वेगळं ठेवलं आणि १९५० साली ते बंद केलं, पण गावोगावची हॉस्पिटलं आपलंच चालवत राहिली. लुइझियानात तर रक्तावर वंशाची चिठ्ठी लावायचा कायदा १९७२ पर्यंत होता. मी यायच्या जेमतेम एक वर्ष आधीपर्यंत!

तू नर्सिंगची, म्हणून नीट सांगते. रक्तातले काही अँटिजेन, म्हणजे रक्तपेशींवरच्या खुणा, वेगवेगळ्या समूहांत कमीजास्त आढळतात, हे खरं आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या पेशंटला वारंवार रक्त द्यावं लागतं, तेव्हा आम्ही ते बारकाईने जुळवायचो. पण जुळवायचो ते टेस्ट ट्यूबमध्ये, क्रॉस मॅच करून, म्हणजे दात्याचं आणि पेशंटचं रक्त एकत्र करून बघून. कातडीचा रंग बघून रक्त जुळत नाही. माझा रक्तगट बी. आपल्याकडे हा गट भरपूर, तिकडच्या गोऱ्यांमध्ये कमी, कृष्णवर्णीयांमध्ये त्यांच्याहून जास्त. मी पहिल्यांदा रक्त दिलं तेव्हा सिनियर पिशवीवर लेबल लावता लावता थांबली आणि म्हणाली, "दहा वर्षांपूर्वी तू आली असतीस, तर ही कुठे ठेवायची हे मला कुणीच सांगू शकलं नसतं." तिने ती पिशवी हातात तशीच धरली होती. अजून डोळ्यांसमोर आहे.

आता तुझा प्रश्न. १९४६ साली हिल-बर्टन कायदा झाला. हॉस्पिटलं बांधायला केंद्राचे पैसे मिळू लागले. कायद्यात भेदभाव नको असं लिहिलं होतं, आणि लगेच पुढे पळवाट ठेवली होती: दोन्ही लोकांसाठी सारख्या दर्जाच्या वेगळ्या सोयी असतील तर चालेल. म्हणजे करदात्यांच्या पैशातून वेगळी हॉस्पिटलं. त्या करदात्यांत कृष्णवर्णीयही आलेच.

नॉर्थ कॅरोलिनातल्याच ग्रीन्सबरो गावात मोझेस कोन हॉस्पिटलला यातून सुमारे १२ लाख ७० हजार डॉलर मिळाले आणि वेस्ली लाँग हॉस्पिटलला साडेएकोणीस लाखांच्या आसपास. वेस्ली लाँग कृष्णवर्णीय पेशंट घेतच नसे. कोन मोजके घ्यायचं, तेही अटींवर, आणि पेशंटच्या स्वतःच्या कृष्णवर्णीय डॉक्टरला आत काम करायला मनाई. डॉक्टरांची ही कोंडी तर ठरवून केलेली होती. पुष्कळ हॉस्पिटलांत काम करायचं तर जिल्ह्याच्या मेडिकल सोसायटीचं सभासदत्व लागे, आणि दक्षिणेतल्या सोसायट्या कृष्णवर्णीयांना सभासदच करून घेत नसत. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने याबद्दल माफी मागितली ती २००८ साली.

गावात डॉ. जॉर्ज सिमकिन्स नावाचे दाताचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे एक कॉलेजचा मुलगा आला. अक्कलदाढेत पू झालेला, जबडा सुजलेला, अंगात १०३ ताप. कृष्णवर्णीयांसाठीच्या एल. रिचर्डसन हॉस्पिटलात खाटेसाठी दोन-तीन आठवड्यांची रांग. सिमकिन्सनी बाकी दोन्ही हॉस्पिटलांना फोन केले, दोघांनीही नाही म्हटलं. इतकीशी गोष्ट, एक दाढ! त्यावरून १९६२ च्या फेब्रुवारीत सहा डॉक्टर, तीन दाताचे डॉक्टर आणि दोन पेशंट कोर्टात गेले. खालच्या कोर्टात हरले. १ नोव्हेंबर १९६३ ला अपील कोर्टात तीन विरुद्ध दोन मतांनी जिंकले, आणि हिल-बर्टनमधली ती पळवाट घटनाबाह्य ठरली. मार्च १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हॉस्पिटलांची बाजू ऐकायला नकार दिला. केसमधले शेवटचे हयात डॉक्टर ॲल्विन ब्लाउंट यांची कोन हॉस्पिटलने २०१६ साली जाहीर माफी मागितली. चौपन्न वर्षांनी.

मग १९६४ चा नागरी हक्क कायदा आला. त्याचं सहावं कलम सांगतं की केंद्राचा पैसा घेणाऱ्याने भेदभाव करायचा नाही. पण बांधकामाचे पैसे तोवर घेऊन झाले होते, इमारती उभ्या होत्या. नुसत्या कागदाला कोण विचारतो? मेडिकेअर १ जुलै १९६६ ला सुरू होणार होती, सुमारे १ कोटी ९० लाख म्हाताऱ्या माणसांसाठी. तो पैसा दर महिन्याला येणार होता, आणि तो हवा तर आधी सहावं कलम पाळतो हे दाखवा, असं सरकारने सांगितलं. हजारभर माणसं तपासणीला पाठवली. देशभरातली जवळपास सात हजार हॉस्पिटलं तपासायची होती. दोन खाटांच्या खोलीत कोण कोणाशेजारी आहे, कँटीन एक आहे की दोन, नर्सेसचे कपडे बदलायचे कक्ष किती, अशा गोष्टी बघत. हजाराहून जास्त हॉस्पिटलं चारेक महिन्यांत बदलली. म्हणून तुझ्या सेमिनारमध्ये 'मेडिकेअरने संपवलं' असं एकट्या योजनेच्या नावावर लिहू नकोस. ती केस लढली नसती तर सरकारला पाय ठेवायला जागाच नव्हती.

आणि हेही लिही: डॉक्टरांच्या खासगी फीचा जो मेडिकेअरचा भाग होता, त्याला हे कलम लावलं नाही. त्यामुळे हॉस्पिटलं बदलली तरी कित्येक डॉक्टरांच्या दवाखान्यांत बसायच्या दोन खोल्या राहिल्याच. एक मी स्वतः पाहिली. मागच्या बाजूने दार, आत चार लाकडी खुर्च्या. पुढच्या खोलीत सोफा होता.

कृष्णाकाठ

सुमनताई, वाचून अंगावर काटा आला. मला बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत दिलेलं एक पत्र आठवलं. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं, १९२९ साली गांधीजींच्या 'यंग इंडिया' साप्ताहिकात छापलेलं. बायको बाळंत झालेली, आजारी. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाहीत. शेवटी आले ते बाईला वस्तीबाहेर आणायच्या बोलीवर. थर्मामीटर त्यांनी एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. ताप बघून तसाच हातोहात परत. बाई वाचली नाही. फीचे दोन रुपये मात्र घेतले. तुमचा फ्रिजचा कप्पा वाचला आणि तो थर्मामीटर समोर आला.

निशिगंधा_मिरज

मावशी, किती आभार मानू! आमच्या वॉर्डात रोज ताप बघते मी, उद्या हातात थर्मामीटर घेताना हे आठवणार. एक विचारू? तपासणीला माणसं येणार हे कळल्यावर हॉस्पिटलं तेवढ्यापुरता देखावा करत नव्हती का? आमच्याकडे इन्स्पेक्शन असलं की आदल्या दिवशी नव्या चादरी निघतात, म्हणून विचारलं.

सुमन_कॅरोलिना

करत होती की. बरोब्बर विचारलंस. म्हणूनच काही ठिकाणी आतल्या कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनी तपासनीसांना गुपचूप खबर दिली. नोकरी जाण्याची भीती होती, त्याहून वाईटही होऊ शकत होतं.

माझ्या सिनियरने सांगितलेलं सांगते. कृष्णवर्णीयांचा वॉर्ड तळघरात होता, बॉयलरच्या शेजारी, उन्हाळ्यात भट्टी नुसती. तपासणीच्या सकाळी तिथल्या तीन म्हाताऱ्यांना वर नेलं, गोऱ्या पेशंटांच्या शेजारच्या खाटांवर झोपवलं. तपासनीस बघून गेले. संध्याकाळच्या जेवणाआधी तिघांना परत खाली आणलं. त्यातल्या एकाने तिला विचारलं, "माझं काही चुकलं का?" ती ड्युटी संपवून चर्चमध्ये गेली आणि पाद्रींच्या फोनवरून तपासनीस उतरले होते तिथे निरोप ठेवला. दोन दिवसांनी ते न सांगता आले, रात्री नऊ वाजता, आणि थेट जिन्याने तळघरात उतरले.

पुढे त्या वॉर्डात जुन्या केसपेपरांची कपाटं ठेवली. रेकॉर्ड काढायला मी कितीतरी वेळा तिथे गेले आहे. भिंतीत नळ तसेच होते, खाटांमागचे कॉलबेलचे खटके तसेच. मोजले होते मी, अकरा. माझी सिनियर त्या जिन्याने कधी उतरली नाही. रेकॉर्ड लागलं की मलाच पाठवायची.

आधी कर्मचाऱ्यांनाही दारं वेगळी होती. पुढच्या दाराने ती पहिल्यांदा कामावर आली तो १ जुलैचा शुक्रवार. दार जड होतं, ओढायचं की ढकलायचं हे तिला माहीत नव्हतं. आत बसलेल्या रखवालदाराने उठून उघडलं, म्हणाली.

सेमिनार झाला की कळव गं.