मदत हवी आहे: १९४२ची बीएसए एम२० तापली की बंद पडते, मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगी पाडणारं यंत्र) वाचवायचा आहे

नमस्कार मंडळी,

मी भुसावळचा. आमच्या आबांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली बीएसए एम२० घरात आहे. सिंगल सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह, ४९६ सीसी, पुढे गर्डर फोर्क. आबा गेल्यापासून गोठ्याशेजारी गोणपाटाखाली पडून होती. तीन हिवाळे खपून ती रस्त्यावर आणली. नटबोल्ट सगळे व्हिटवर्थ मापाचे, पानेच मिळेनात, त्यातच एक हिवाळा गेला.

आता अडचण. थंड गाडी दुसऱ्या किकला सुरू होते. जळगावकडे निघालो की साकेगावपर्यंत ठेक्यात चालते. नशिराबादच्या अलीकडे मिसिंग, सायलेन्सरमधून फटाके, आणि बंद. पाऊण तास निंबाखाली उभी केली की पुन्हा पहिल्यासारखी. थंडीत हे होत नव्हतं, मार्चपासून सुरू झालं. आमचे मिस्तरीकाका म्हणतात, “तपनी का बंद पडी जास, पेट्रोलच उकळत असेल.” पण बंद पडल्यावर कार्बोरेटरचं टिकलर (पेट्रोल वर आणायचं बटण) दाबलं तर पेट्रोल लगेच वर येतं. प्लग काढून बॉडीला टेकवला तर ठिणगी बारीक, पिवळट. गार झाल्यावर तीच निळी. म्हणून मला मॅगडायनोवर (मॅग्नेटो आणि डायनमो एकत्र असलेलं यंत्र) संशय आहे.

मॅग्नेटोच्या पॉइंटचा (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) गॅप १२ थाउ (इंचाचे हजारावे भाग) ठेवलाय. व्हॉल्व्हच्या टॅपेटचा गॅप इनलेट १०, एक्झॉस्ट १२ थाउ. प्लग आणि वायर नवीन.

दोन गॅरेजवाले म्हणाले, मॅग्नेटो काढा, बॅटरी-कॉइल बसवा. ते मला करायचं नाही. बॅटरी नसली तरी ही गाडी चालते, आबा तशीच केळीच्या मळ्यात नेत. मॅग्नेटोचा कंडेन्सर गेला असेल की आर्मेचरचं (आत फिरणाऱ्या भागाचं) वाइंडिंग? विहिरीच्या मोटारी भरणारे इथे गल्लोगल्ली आहेत, त्यांच्याकडे देऊ का?

उत्तर, धुळ्याहून:
दादा, मोटारी भरणाऱ्याकडे देऊ नका. आर्मेचरमधल्या सेकंडरीची (जास्त व्होल्टेजच्या वाइंडिंगची) तार केसासारखी बारीक असते, हजारो वेढे असतात, ते काम वेगळं. आधी अंधारात किक मारून पॉइंट पाहा. तिथे मोठी ठिणगी उडत असेल तर बहुतेक कंडेन्सर गेलाय. तो आर्मेचरच्या आत बसून त्याच्याबरोबरच फिरतो, त्यामुळे बाहेरून बदलता येत नाही. जुनं लाखेचं इन्सुलेशनही गरमीने मऊ पडतं, म्हणून दोन्ही एकदाच करून घ्या. एक गोष्ट जिवापाड सांभाळा: आर्मेचर ओढण्याआधी सेफ्टी गॅपचा स्क्रू, एचटी पिकअप (प्लगच्या वायरकडे करंट नेणारा भाग) आणि अर्थ ब्रश काढा, नाहीतर आर्मेचरवरची स्लिप रिंग (करंट बाहेर देणारी कडी) फुटते. आर्मेचर निघताच चुंबकाच्या टोकांवर लोखंडी पट्टी लावा, नाहीतर चुंबकाची ताकद उतरते.

मूळ प्रश्नकर्ता:
भाऊ, आत्ताच पाहिलं. पॉइंटवर चांगलीच ठिणगी उडते. तुम्ही सांगितलं नसतं तर उद्या मी स्लिप रिंग फोडलीच असती. आता जळगाव, धुळे किंवा नाशिककडे आर्मेचर हाताने भरणारा जाणता माणूस कुणाला माहीत आहे का? मी स्वतः घेऊन येईन, पार्सल करणार नाही.