'हिरवट' वास म्हणावं का?

होटगीरोडकर
भाषांतराचं काम आलंय आणि एका शब्दापाशी दोन दिवस गाडं अडलंय. परदेशी सेंटची माहिती आणि त्याखाली गिऱ्हाइकांचे अभिप्राय, सगळं मराठीत करायचंय. सेंट आहे 'ग्रीन हनीसकल'. एक बाई लिहितात, इतकं ग्रीन आहे की मनगट नाकापासून हलवावंसं वाटत नाही. खाली एक गृहस्थ म्हणतात, इतकं ग्रीन आहे की डोकं उठलं. म्हणजे कौतुक आणि तक्रार दोन्ही पेलेल असा एकच शब्द पाहिजे. मी 'हिरवट सुगंध' लिहिलं. बायकोनं वाचलं आणि हसतच सुटली. "हिरवट? म्हाताऱ्यांसाठी आहे का?"
हनीसकल या फुलवेलीला 'मधुमालती' केलंय. ते तरी बरोबर ना?

दवणा
वहिनींचं बरोबर आहे. शेवटी 'ट' लागला की शब्द नासतो. मळकट, तेलकट, ओशट, पाणचट. 'हिरवसर' म्हणा. आमच्याकडं पाडाला आलेल्या पेरूला हिरवसर म्हणतात, त्यात नावं ठेवणं नसतं.

नवीपेठ
आंबट, तुरट, खारट हे नासलेले शब्द आहेत होय? आणि बळकट? हिरवसर हा रंग झाला. वासाला 'हरितगंध' करा, विषय संपला.

दवणा
काय शब्द काढलालास बे! हरितगंध म्हणजे कृषी प्रदर्शनातला खताचा स्टॉल वाटतो.

पूर्वभाग
आमच्या घरात तेलुगू. मसाला नीट परतला नाही की आई म्हणते, 'पच्चि वासना' येतेय. पच्चि म्हणजे कच्चं, आणि पच्च म्हणजे हिरवं. शेजारच्या कानडी मावशी त्याच वासाला 'हसि वासने' म्हणतात आणि हिरव्याला 'हसिरु'. दोन्ही भाषांनी हिरवं आणि कच्चं एका घरात नांदवलंय, मराठीनं तेवढी वेगळी चूल मांडली. डोकं उठलेल्या गृहस्थांना हाच वास आला असणार.

नवीपेठ
हसिरु आपल्या 'हरित'वरूनच आला असेल. ह आहे, र आहे.

पूर्वभाग
नाही हो. जुन्या कानडीतल्या प चा पुढं ह झाला. पालु म्हणजे दूध, त्याचं हालु झालं. तसंच पसिरचं हसिरु. पच्चि आणि हसि बहिणी आहेत, हरितचा संबंध नाही. सगळ्या नद्या संस्कृतातच उगम पावतात असं नाही.

कुट्टीवाला
सेंटातलं कळत नाही, पण हा वास रोजचा आहे. सकाळी कडवळ, म्हणजे जनावरांची हिरवी ज्वारी, कापून आणायचं आणि कुट्टी मशीनला लावायचं. पहिली पेंढी आत गेली की असा गोड, गार वास सुटतो की वाटतं आपणच खावं. चौथ्या-पाचव्या पेंढीला तोच वास घशाशी येतो. पात्याखाली हिरवा रस साचतो, हाताला चिकटतो. साबणानं धुतलं तरी संध्याकाळी भाकरी मोडताना नखांत असतोच. तुमच्या बाई पहिल्या पेंढीला उठून गेल्या, गृहस्थ पाचवीपर्यंत थांबले. आम्ही त्याला कडवळाचा वास म्हणतो. दुसरा शब्द लागला नाही.

अत्तरदाणी
कुट्टीवाल्यांना माझा दंडवत. पान कापलं की हेक्झेनॉल म्हणून एक पदार्थ हवेत उडतो, सेंटातलं 'ग्रीन' बऱ्याचदा त्याच्यामुळंच. हनीसकलच्या फुलातून अत्तर काढणं परवडत नाही, तो वास इतर पदार्थ जुळवून उभा करतात. हिरवेपणा वाढवायला गॅल्बनम नावाचा डिंक घालतात. तो इराणकडचा, हिंगाच्या झाडाचा सख्खा चुलत. पॅरिसच्या बाल्मां या फॅशनघरासाठी जर्मेन सेलिएबाईंनी १९४७ साली 'वाँ व्हेर' हे सेंट केलं, त्यात हा डिंक सढळ हातानं पडला होता. नावाचा अर्थ हिरवा वारा.
आणि रंगावर जाऊ नका. आपल्या सोलापुरातल्या विजापूर वेशीत खसचं, म्हणजे वाळ्याचं, अत्तर हुंगून बघा. तांब्याच्या डेगेत काढलेलं असलं तर दिसायला हिरवं, वास मात्र पहिल्या पावसातल्या मातीचा.

गच्चीतली बाग
'मधुमालती' सपशेल चूक! आपल्याकडं फाटकावर चढवतात ती रंगून वेल. संध्याकाळी पांढरी उमलते, मग गुलाबी, मग लाल. हनीसकल म्हणजे लोनिसेरा, कूळच वेगळं. जपानी हनीसकल पांढऱ्याची पिवळी होते, म्हणून चिनी लोक तिला सोन्याचांदीचं फूल म्हणतात.

नवीपेठ
रंगून वेलही मधुमालती नव्हे. खरी मधुमालती म्हणजे माधवी, आपली हळदवेल. लोकांनी चुकीचं नाव चिकटवलं.

दवणा
लोकांनीच चिकटवलं ना? मग झालं तिचं नाव. सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत कुणालाही फाटकावरची वेल विचारा. माधवी म्हटलं तर, त्या खालच्या मजल्यावर राहतात, म्हणतील.

कुट्टीवाला
हनीसकल म्हणजे मध चोखायचं फूलच ना? मग अडुळसा घ्या की. शाळेतून येताना आम्ही त्याचीच फुलं चोखायचो.

नवीपेठ
अडुळशाचं सेंट! खोकल्याचं औषध समजून पितील.

होटगीरोडकर
मंडळी, काम देऊन टाकलं. नाव 'ग्रीन हनीसकल' असंच ठेवा म्हणाले, मधुमालती गेली. बाईंना 'कोवळ्या पानांचा वास' दिला, गृहस्थांना 'कच्चट'. एक शब्द काही सापडला नाही.

दवणा
कच्चट! परत ट!

नवीपेठ
पूर्वभाग, पालु-हालु ठीक आहे, पण मग 'पोपट'चं काय?

पूर्वभाग
पोपटाचं काय? तो हिरवा आहे म्हणून?

दवणा
गच्चीतली बाग, रंगून वेलीची काडी लावली तर जगते का? आमच्या फाटकावर चढवायची आहे.

गच्चीतली बाग
पावसाळ्यात लावा, जगते. माझ्याकडून घेऊन जा.

नवीपेठ
काडी माझ्याकडंही आहे. पण ती माधवीची.