कोथरूडचा फ्लॅट आणि कमिटीचा ठराव

नमस्कार मंडळी,
कोथरूडचा आमचा टू बीएचके रिकामा झालाय. एजंटने जाहिरात लिहून पाठवली: 'फक्त फॅमिली, शुद्ध शाकाहारी, बॅचलर नकोत.' शिवाय म्हणतो, आडनाव विचारूनच फ्लॅट दाखवतो, कमिटीचा तसा ठराव आहे. असं चालतं का?
– मा., न्यू जर्सी

मा.,
इथे अमेरिकेत १९६८ च्या फेअर हाउसिंग ॲक्टने वंश, रंग, धर्म, मूळ देश यांवरून घर नाकारायला बंदी घातली. स्त्री-पुरुष भेद १९७४ मध्ये त्यात आला, अपंगत्व आणि लेकुरवाळी कुटुंबं १९८८ मध्ये. चार घरांपर्यंतच्या इमारतीत मालक स्वतः राहत असेल तर त्याला बरीच सूट आहे, पण भेदभावाची जाहिरात त्यालाही करता येत नाही. शाकाहाराबद्दल मात्र हा कायदा गप्प!
– दे.

अगं मा.,
पुण्याला परतलो तरी ही मेलिंग लिस्ट सोडली नाही, म्हणून मध्ये पडतो. भाड्याच्या घरांसाठी आपल्याकडे तसा एकच व्यापक कायदा नाही. घटनेच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी आहेत, भाड्याचं घर नाही. २००५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीला सदस्यत्व पारशांपुरतं ठेवू दिलं. तरी सगळं मोकळं रान नाही. अस्पृश्यतेपायी कुणाला घर घेण्या-राहण्यापासून अडवणं हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. आडनाव कशासाठी विचारतात, हे पुणेकराला सांगायला नको! एचआयव्हीबाधितांना २०१७ च्या आणि तृतीयपंथीयांना २०१९ च्या कायद्याने घराबाबत संरक्षण आहे.

आता तुझी सोसायटी. आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांसाठीचे सरकारी नमुना नियम, स्वीकारले असतील तर भाड्याने द्यायला कमिटीची पूर्वपरवानगी लागतच नाही. आठ दिवस आधी कळवायचं, कराराची प्रत द्यायची, पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर नाहीत. म्हणजे भाडेकरू तू निवडतेस, कमिटी नाही. मग नकार दिलास तर तोही तुझाच. ठरावाची प्रत माग, एजंटच्या तोंडी ठरावावर जाऊ नकोस.
– वि., कर्वेनगर

वि. काका,
सेक्रेटरींना मेल टाकली. जाहिरातीत आता फक्त भाडं, डिपॉझिट आणि पार्किंग. एजंट फुगलाय. रात्री गोंगाट नको, एवढं तरी करारात लिहू ना?
– मा.

लिही की. मात्र फॅमिलीलाही तीच अट घाल. आमच्या वरच्या मजल्यावरची फॅमिली रात्री बारानंतर मिक्सर लावते.
– वि.