५५५ टायमरला रिले जोडताच ठोका बिघडतो. कारण काय असावे?

प्रश्न:
ब्रेडबोर्डवर ५५५ आयसीचा साधा टायमर उभारला आहे. १० आणि ६८ किलोओहमचे रेझिस्टर व १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर वापरला असून ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर एलईडी सेकंदाला साधारण एकदा व्यवस्थित लुकलुकतो. मात्र पिन ३ (आउटपुट) आणि ऋण पट्टी यांच्यामध्ये ९ व्होल्टचा छोटा रिले (कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच) जोडला की लुकलुकण्याचा ठोका अनियमित होतो आणि मधूनच टायमर अडकून बसतो. बॅटरी काढून पुन्हा लावावी लागते. कॉइलचा रोध २२० ओहमच्या आसपास भरतो, म्हणजे प्रवाह फार तर ४० मिलिअँपिअर, आणि ५५५ तर २०० मिलिअँपिअरपर्यंत देतो असे वाचले आहे. मग अडते कुठे?

प्रतिसाद १:
प्रवाहाचे गणित बरोबर आहे, पण कॉइल म्हणजे नुसता रेझिस्टर नव्हे. प्रवाह तोडला की तिच्यातील चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि तिच्या टोकांवर उलट दिशेचा, पुरवठ्याच्या कितीतरी पट व्होल्टेजचा झटका निर्माण होतो. तो थोपवण्यासाठी कॉइलला समांतर डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा घटक) लागतो. आपल्या वर्णनात त्याचा उल्लेख दिसत नाही. १एन४००७ चालेल, त्याच्या अंगावरील रेघेची बाजू पिन ३ कडे ठेवावी.

त्याआधी एक चाचणी जरूर करावी. रिले काढून त्या जागी २२० ओहमचा अर्ध्या वॉटचा रेझिस्टर लावा. ठोका सुधारला तर दोष झटक्याचा; तसाच राहिला तर पुरवठ्याचा. एका वेळी एकच गोष्ट बदलली, तरच दोषाचा माग लागतो.

प्रतिसाद २:
पुरवठ्याकडेही लक्ष असू द्या. चौकोनी बॅटरीचा अंतर्गत रोध बराच असतो आणि ती उतरत जाते तसा तो वाढतो, त्यामुळे रिले ओढताना व्होल्टेज क्षणभर खाली येते; मल्टिमीटरला ही घसरण सहसा दिसत नाही. पिन ८ आणि पिन १ या पुरवठ्याच्या पिनांच्या अगदी लगत १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि पट्ट्यांवर १०० मायक्रोफॅरडचा एक लावावा. पिन ५ मोकळी असेल तर तिथून १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर ऋण पट्टीला न्यावा.

प्रश्नकर्ता:
रेझिस्टर लावल्यावर ठोका अगदी स्थिर राहिला. नंतर कपॅसिटर आणि डायोड लावून रिले पुन्हा जोडला. अनियमितपणा गेला, तरी टायमर क्वचित अजूनही अडकतो.

प्रतिसाद १:
हे ५५५ च्या बाबतीत ठाऊक असलेले वर्तन आहे. डायोड लावल्यावरही रिले सुटताना पिन ३ ऋण पट्टीपेक्षा सुमारे ०.७ व्होल्ट खाली खेचली जाते, आणि तेवढ्यानेही आयसी अडकू शकतो. पिन ३ आणि कॉइल यांच्यामध्ये मालिकेत आणखी एक डायोड घालण्याचा उपाय आहे. परंतु मूळच्या ५५५ चे आउटपुट पुरवठ्यापेक्षा दीडेक व्होल्ट कमी असते, त्यात डायोडचे ०.७ गेले की ९ व्होल्टचा रिले ओढण्यापुरते व्होल्टेज जेमतेम उरते.

त्यापेक्षा बीसी५४७ ट्रान्झिस्टर वापरावा. पिन ३ पासून २.२ किलोओहममधून बेस, एमिटर ऋण पट्टीला, आणि रिले धन पट्टी व कलेक्टर यांच्यामध्ये. समांतर डायोडची रेघ आता धन बाजूला येईल. कॉइलला जवळजवळ पूर्ण ९ व्होल्ट मिळतील आणि पिन ३ चा कॉइलशी थेट संबंधच उरणार नाही.